तळीला पाचवा

"तीन इटा मांडा अन् मोकळ्या व्हा, आत्या," मी म्हणाले. "नुसती दाखवायलाच तर पायजे."

सासूच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत माती होती. नाल्याकडची पांढरी माती तिनं स्वतः डोक्यावर आणली होती, त्यात भुसा आणि शेण घातलं होतं, आणि आता मेंढरांच्या रिकाम्या छपरीत बसून ती चुलीच्या कडा अंगठ्यानं दाबत होती. वैशाखातली दुपार. बाहेर कुत्रंसुद्धा हलत नव्हतं. आणि ही सत्तरीला आलेली बाई, गुडघे दुखतात म्हणून उठता-बसता कण्हणारी, चूल घालत बसली होती.

"परवा तलाठी यायलाय. वाळंल का ही तवर?"

"वाळंल."

"अन् न्हाई वाळली तर?"

"ऊन लय हाय. वाळंल."

आमच्यात सासूला आत्या म्हणतात. भागुबाई तिचं नाव. चाळीस वर्षं ती मेंढरांमागं फिरली. जिंतूरच्या डोंगरापासून गोदावरीच्या काठापर्यंत, घोड्यावर सगळा संसार लादून. दर दोन दिवसांनी नवं शेत, नवा मुक्काम. तीन दगड मांडायचे, भाकरी थापायच्या, आणि निघताना ते दगड तिथंच सोडून पुढं चालायचं. अशा किती चुली तिनं सोडल्या त्याचा हिशेब नाही. आणि आता इथं, खोट्या चुलीला, हिला विटा चालेनात. माझं तर डोकंच फिरलं. "करा काय करायचं ते," म्हणून मी निघून आले.

ही चूल आम्हाला कशाला हवी होती, ते सांगते. दोन वर्षांपूर्वी मेंढरांत रोग शिरला. साठातली एकवीस उरली, तीही विकून टाकली. तेव्हापासून उमाजी दुसऱ्याच्या रानात रोजानं जातो. उमाजी म्हणजे माझा नवरा. नवऱ्याचं नाव घेते म्हणून कुणी नाक मुरडू नये, 'हे' आणि 'ते' करत गोष्ट सांगता येत नाही मला. एक मुलगी आहे, गंगासागर. बोरीला शाळेत जाते, नववीला. आमचं गाव बोरीपासून सहा किलोमीटर आत आहे.

गावात हरिओम नावाचा मुलगा लोकांची ऑनलाइनची कामं करतो. गंगासागरचं उत्पन्नाचं सर्टिफिकेट आणायला आम्ही दोघं त्याच्याकडं गेलो, तेव्हा त्यानंच विषय काढला.

"काकू, आजीला निराधारचा पगार बसंल की. महिन्याला दीड हजार."

आमच्याकडं त्याला पगारच म्हणतात. ज्यांच्या सात पिढ्यांत कुणाला पगार मिळाला नाही, त्या म्हाताऱ्या पारावर बसून एकमेकींना "झाला का गं पगार?" असं विचारतात.

"पन कमावतं पोरगं एका चुलीवर आसलं, तर कागद म्होरं सरकत न्हाई," हरिओम म्हणाला. "आजीला विभक्त दाखवा."

"विभक्त म्हंजे?" उमाजीनं विचारलं.

"येगळी. रेशनकार्ड येगळं, चूल येगळी. कागदावरच हो, काका! तुमी खुशाल एकत्र ऱ्हावा. पाहणीच्या दिवशी तेवढी चूल दिसली पायजे."

घरी येऊन म्हातारीला सांगितलं. तिनं एकच गोष्ट विचारली.

"पैसा कुनाच्या हातात येनार?"

"तुमच्याच," मी म्हणाले. "तुमच्या नावचं खातं."

जन्मभर हिनं मेंढरं विकली, लोकर विकली, पण पैसा सासऱ्याच्या हातातून मुलाच्या हातात गेला, हिच्या हाताला कधी लागला नाही. मिसरीला दहा रुपये हवे असले की ती आधी चार इकडच्या तिकडच्या गोष्टी काढायची, मग मागायची. मला ते कळायचं आणि मी मुद्दाम कळत नसल्यासारखं करायची. तीही सवय असते घरोघरी.

"मंग करा," ती म्हणाली.

पाहणीच्या दिवशी सकाळी मी मूठभर काजळी घेऊन छपरीत गेले, चूल वापरातली वाटावी म्हणून आत फासायला. बघते तर चूल पेटलेली. कडेला हळदीकुंकवाची बोटं, पुढं भंडाऱ्याची चिमूट, आणि पानावर भाकर आणि गुळाचा खडा. म्हातारी हात जोडून बसली होती. ओठ हलत होते.

"आत्या, हे काय? नाटकातल्या चुलीला निवद?"

"नाटक म्हनू नको," ती म्हणाली, आणि भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला.

मला हसू आलं. म्हातारं माणूस, म्हटलं, चूल दिसली की हात जोडले.

तलाठी मॅडम अकराला आल्या. माझ्यापेक्षा वयानं लहान, स्कूटीवर, तोंडाला स्कार्फ. वाईट बाई नव्हती. आधी पाणी मागितलं, मग छपरी बघितली. मोबाइलवर चुलीचा फोटो काढला.

"आजी, मुलगा सांभाळतो का तुम्हाला?"

"माझी चूल येगळी हाय," म्हातारी म्हणाली.

"कधीपासून?"

म्हातारीनं मान खाली घातली.

"दोन वर्षं झाली, मॅडम," मीच बोलले. "आमचं न्हाई जमलं."

मॅडमनं माझ्याकडं बघितलं. काय बघितलं असेल ते असो. मग कागद उमाजीपुढं ठेवला. तो चौथीपर्यंत शिकला आहे, अक्षरावर बोट ठेवून वाचतो. 'मी माझ्या आईपासून विभक्त राहत असून तिचा सांभाळ करत नाही.' शेवटच्या तीन शब्दांवर त्याचं बोट थांबलं. शेजारचे सूर्यभान मामा आणि बन्सीधर पंच म्हणून उभे होते. सगळे त्याच्या बोटाकडं बघत होते. त्यानं सही केली. 'उमाजी' एवढंच लिहिलं, आडनाव विसरला. मॅडमनं ते लिहायला लावलं.

त्या दिवशी दिवेलागणीला मी म्हातारीला जेवायला हाक मारली.

"म्या केलंय माझं," छपरीतून उत्तर आलं.

मला वाटलं, सकाळची भाकर उरली असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी सरळ जाऊन उभी राहिले.

"आता बास की, आत्या. मॅडम गेल्या. मोडा ती चूल, अन् चला घरात."

"निवद दाखवलेली चूल मोडत न्हाईत, बबिता."

खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. दोन भाकरी कमी थापायच्या. भाजीत तिखट जास्त झालं म्हणून कुणी खोकणार नाही. लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि पहिल्यांदाच मी माझ्या चुलीपुढं एकटी होते. आता तुम्ही मला वाईट म्हणाल. म्हणा.

श्रावणात पगार चालू झाला. दोन महिन्यांचे एकदम आले. म्हातारी गंगासागरला घेऊन ऑटोनं बोरीला गेली. येताना गुडघ्याला लावायचं तेल, मिसरीची डबी, एक जर्मनचं पातेलं आणि गंगासागरला सँडल घेऊन आली. सँडल एक नंबर मोठी होती. "पाय वाढंल," म्हणाली. मग माझ्या हातावर पाचशेची नोट ठेवली.

"मीठमिरचीला."

"ऱ्हाऊ द्या की तुमच्यापाशी."

"घे."

मी घेतली. पुढच्या महिन्यातही घेतली. मग ती कधी देते याची मी वाट बघायला लागले. त्या पाचशेत गंगासागरची शिकवणी लागली, गणिताची. ती गणितात काठावर पास होत होती, ती सहामाहीला वरच्या दहांत आली. गुडघ्यालाही आराम पडला. म्हातारी आता उठताना कण्हत नव्हती. पारावरच्या बायकांत बसून मोठ्यानं हसायची, मला घरापर्यंत ऐकू यायचं. अठरा वर्षांत मी तिला तसं हसताना ऐकलं नव्हतं. हे सगळं खरं आहे. पैशानं वाईट झालं असं मी म्हणणार नाही, माझी जीभ झडेल.

पण उमाजीचं बिनसलं.

चूल वेगळी झाली त्या पहिल्या आठवड्यात तो रानातून आला, हातपाय धुतले आणि सरळ छपरीत जाऊन मायच्या चुलीपुढं बसला. मी दारातून बघत होते.

"माय, वाढ."

"तुझी चूल तिकडं हाय, बाळा."

"कुनी बघायलंय का इथं?"

"त्यासाठी न्हाई म्हनत मी. तू घरी जेव."

म्हातारी तव्यावरची भाकर उलटत राहिली. मग तो उठून आला आणि माझ्यापुढं बसला. मी वाढलं ते खाल्लं. असं चार-पाच दिवस चाललं. रोज जायचा, रोज परत यायचा. मग जायचं सोडलं. रडला नाही, चिडला नाही. विचारलं तर "काय न्हाई" म्हणायचा. मेंढरं विकली त्या दिवशी दोर गुंडाळत बसला होता, तसाच दिसायचा.

एकाच अंगणात दोन धूर निघायचे. त्याला छपरीतून मायचं खोकणं ऐकू यायचं, भाकरी थापल्याचा आवाज यायचा. तिला इकडचं सगळं ऐकू यायचं. बोलणं बंद नव्हतं. "रानात काय चाललंय?" "सोयाबीन काढायलेत." "बरं." एवढंच.

दसऱ्याच्या आधी एक दिवस जेवताना तो म्हणाला, "हरिओमला सांगतो. बंद कर म्हनतो पगार."

"कामून?"

"माय संगं जेवंल."

शिकवणी डोळ्यांपुढं आली, पाचशेची नोट आली. आणि मी बोलले, "त्या जेवनाचे दीड हजार देनार हाय का कुनी?"

तोंडातून गेलं ते गेलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, ताटातली भाकर संपवली आणि शेळी बांधायला उठला. पगाराचा विषय त्यानं परत काढला नाही.

मला मात्र एक आशा होती. चंपाषष्ठी. खंडोबा आमचा कुळस्वामी. त्या दिवशी घरात बाजरीचे रोडगे, वांग्याचं भरीत, आणि तळी. परातीत खोबरं, भंडारा, विड्याची पानं ठेवायची, पाच पुरुषांनी मिळून परात वर उचलायची, देवाचा येळकोट करायचा, आणि मग प्रसाद आणि जेवण. एका चुलीची एक तळी असते. भाऊ-भाऊ वेगळे झाले की तळ्याही वेगळ्या होतात, पण विधवा आई तर मुलाच्याच तळीत असते. तलाठ्याचं काही असो, देवाच्या दिवशी म्हातारी घरात येईल, आमच्यात जेवेल, आणि एकदा आली की मग हळूहळू राहील, असं मी मनात धरलं होतं.

दोन दिवस आधी मी देवाचे टाक घासायला काढले आणि तिला हाक मारली.

"आत्या, भरताची वांगी किती घेऊ सगळ्यांत मिळून?"

"तुमच्यापुरती घे. माझी तळी येगळी हाय."

माझा संताप झाला. उमाजी कामावर होता, गंगासागर शाळेत. म्हटलं, आज होऊनच जाऊ दे. छपरीत गेले.

"देवापुढं तरी नाटक पुरं करा आता! सात महिने झाले. गाव तोंडात शेन घालायलंय माझ्या, सासूला मेंढराच्या जागेत टाकलं म्हनून."

"नाटक तुमी केलं," म्हातारी म्हणाली. आवाज चढला नव्हता. ती वातीला कापूस पिंजत होती. "म्या न्हाई केलं. मला खोटं बोलता येत न्हाई, बबिता. त्या तलाठी पोरीपुढं येगळी हाय म्हनायचं, अन् जेवायचं तुमच्या ताटात, हे मला झालं नसतं. म्हनून ती यायच्या आदी देवाला सांगितलं. निवद ठेवला, म्हनलं, देवा, आजपसून मी पोरापासून येगळी. मंग तिला सांगितलं. खरं तेच सांगितलं."

मी तिच्याकडं बघतच राहिले. तीन विटा मांडा म्हटलं तेव्हा ही माती का मळत होती, ते मला आता कळत होतं.

"मंग आता देवाला सांगा की, परत आले म्हनून."

"पगार घेऊन?"

मी मागं सरकून उंबऱ्यावर आले.

"सरकारचा पैसा येगळी म्हनून घ्यायचा, अन् देवाला एकत्र हाय म्हनून सांगायचं? कुनाला तरी फशिवल्यावानी हुतंय ते." तिनं कापूस खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. "तू सांग. सोडू का पगार? तू म्हनलीस तर सोडते. आजच्या आज हरिओमकडं जाते, अन् सांजच्याला तुझ्या हातची भाकर खाते. मला काय, मिसरीवाचून मी मरत न्हाई."

एक शब्द बोलायचा होता. सोडा. एवढाच. मी उंबऱ्यावर उभी होते. छपरीत लेंड्यांचा जुना वास होता. गंगासागरची दहावी आता दीड वर्षावर आली आहे, असं काहीतरी माझ्या डोक्यात चाललं होतं. खरं तर तेही नव्हतं. काहीच नव्हतं. डोकं लाकडासारखं झालं होतं. म्हातारीनं वाट बघितली. घाई केली नाही. मग तिनं परत कापूस उचलला.

"वांगी तुमच्यापुरती घे," ती म्हणाली.

हे मी उमाजीला अजून सांगितलेलं नाही.

चंपाषष्ठीला आमची तळी सकाळी झाली. भावकीतले चौघे आले, पाचवा उमाजी. येळकोट झाला, जेवणं झाली. म्हातारीनं छपरीतूनच हात जोडले. तिची तळी दुपारी होती. घरात पुरुष नाही, म्हणून पाचही माणसं बोलावून आणायची होती. ती नवं लुगडं नेसली, पगारातलं, आणि आवतण द्यायला निघाली.

उमाजी ओट्यावर बसला होता. टोपी काढलेली नव्हती.

"मला बोलावंल का गं माय?" त्यानं मला विचारलं.

"बोलावंल की. कामून न्हाई?"

म्हातारी आधी सूर्यभान मामाच्या दारात गेली. मग बन्सीधरच्या. मग बालाजीच्या. मग वेशीकडच्या शिवशंकरकडं. प्रत्येकाच्या दारात उभी राहून तेच म्हणायची, "आज माझी तळी हाय. उचलायला या, अन् दोन घास खाऊन जा." आवाज आमच्या ओट्यापर्यंत येत होता. उमाजी बोटं मोडत होता. चौघे झाले. ती परत आली, आमच्या दारावरून पुढं गेली आणि नागेशच्या दारात उभी राहिली. उमाजीनं मान फिरवली.

नागेशची बायको बाहेर आली. तो परभणीला गेला होता, संध्याकाळशिवाय येणार नव्हता.

म्हातारी तिथं थोडी थांबली. पदर सावरला. मग वळून आमच्या अंगणात आली. पायरी चढली नाही. ओट्याखालीच उभी राहिली, मुलाकडं बघितलं न बघितलं करत.

"आज माझी तळी हाय," ती म्हणाली. "उचलायला या, अन् दोन घास खाऊन जा."

शब्द तेच, चौघांना दिलेले. उमाजी उभा राहिला. "आलो," म्हणाला.

तो गेला. मी मागून गेले, बायकांनी उभं राहायचं तिथं उभी राहिले. पाच जणांनी परात उचलली. तीनदा वर, तीनदा खाली. उमाजीचा आवाज सगळ्यांपेक्षा बारीक निघत होता. म्हातारीनं ओळीनं पाच जणांच्या कपाळाला भंडारा लावला, पाच जणांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. मग पंगत बसली. रोडगा, भरीत, कांद्याची पात, वर तेलाची धार. सात महिन्यांनी मायच्या हातचं. सकाळचं जेवण पोटात होतं, तरी तो खात राहिला. दोनदा भरीत मागून घेतलं. म्हातारी वाढत होती. "घ्या, लाजू नका," असं ती पंगतीला म्हणाली, एकट्या त्याला नाही.

आमच्यात घरचा माणूस जेवला की ताटातच हात धुतो आणि घरची बाई ताट उचलते. पाहुणे उठून बाहेर जाऊन धुतात. चौघे उठले. उमाजीनं सवयीनं तांब्याला हात घातला, ताटावर हात धरला. मग तांब्या खाली ठेवला. उठला आणि चौघांच्या मागं अंगणात जाऊन उभा राहिला. म्हातारी एकेकाच्या हातावर पाणी घालत होती. त्याची पाळी आली, तसे त्यानं दोन्ही हात पुढं केले. पाणी तिनं त्यालाही तेवढंच घातलं.